माजी आमदारांचं पत्र

जेमतेम दोन वर्षं आमदार राहिलेला माणूस उरलेलं सगळं आयुष्य माजी आमदार असतो. त्यातून सुटका नाही. कॅस्मिर रुमाव अठ्ठ्याहत्तर साली निवडून आला, ऐंशीच्या फेब्रुवारीत विधानसभाच बरखास्त झाली आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला असा काही घरी बसवला, की डिपॉझिट वाचलं यातच त्याने समाधान मानलं. या दोन वर्षांत त्याने सभागृहात एकच तारांकित प्रश्न विचारला होता. मासेमारीच्या बोटींना विमा का मिळत नाही, असा. उत्तर आलं, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ ती बहुधा अजून गोळा होत असावी.

प्रश्न विम्याचा, कारण माणूसच विम्यातला. राजकारणात पडण्याआधी तो फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होता. निवडणुकीसाठी नोकरी सोडली, ती काही परत मिळाली नाही. मग परीक्षा देऊन तो विम्याचं नुकसान तपासणारा सर्वेअर झाला आणि दहा वर्षं जळकी गोदामं आणि चेपलेले ट्रक बघत हिंडला. एक्क्याण्णव साली अबू धाबीतल्या एका सरकारी कार्यालयाची जाहिरात त्याच्या हाती पडली. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारं ते कार्यालय होतं, आणि त्यांना फाईली तपासणारी अनुभवी माणसं हवी होती. कॅस्मिर तेव्हा पन्नाशीचा. बायको ओल्गा नर्स होती, तिलाही तिथल्या हॉस्पिटलात काम मिळालं. दहा वर्षांच्या फियोनाला घेऊन वसईचं हे कुटुंब आखातात आलं.

काम असं होतं. एखाद्या कंपनीने विम्याचा दावा नाकारला, की तो माणूस कार्यालयाकडे तक्रार करी. तक्रार कॅस्मिरच्या टेबलावर येई. त्याने पॉलिसी वाचायची, कायदा बघायचा आणि तीन पानांत लिहायचं, की कंपनीचं बरोबर की तक्रारदाराचं. खाली सही मुदीरची. मुदीर म्हणजे कार्यालयाचे मुख्य साहेब, तिथलेच अरब. कॅस्मिरचं नाव कुठेही येत नसे. तक्रारदाराची आणि त्याची गाठही पडत नसे, तसा नियमच होता.

आणि खरं सांगायचं तर हे काम तो फार चांगलं करी. कंपन्यांचे वकील वीस पानं लिहीत, त्यातली नेमकी कुठली ओळ पोकळ आहे ते त्याला वासावरून कळे. सात वर्षांत त्याच्या तीन-तीन पानांनी कितीतरी माणसांची कामं झाली. आमदार असताना त्याच्या हातून झाली त्याच्या दसपट. पण त्यातल्या एकालाही कॅस्मिर रुमाव कोण हे ठाऊक नव्हतं, आणि हीच गोष्ट त्याला आतून खात होती.

मुळात पायाला भिंगरी लावून जन्मलेला माणूस. ऑफिसात दर पंधरा मिनिटांनी उठायचा, खिडकीशी जायचा, खालची वर्दळ बघायचा, परत येऊन पेनचं टोपण काढायचा आणि लावायचा. संध्याकाळी कॉर्निशवर समुद्राच्या कडेने इतका भराभर चालायचा, की ओल्गाने सोबत जाणं सोडून दिलं. पंच्याण्णवच्या निवडणुकीचे निकाल त्याने भावाला फोन करून मतदारसंघवार ऐकले. ओल्गा घड्याळाकडे बघत शेजारी उभी होती. “सात दिरहम मिनिटाला,” ती म्हणाली, “म्हणजे साठ रुपये. तुम्ही उभे नाही, तुमचा कुणी उभा नाही, मग एवढं काय ऐकताय?” त्याने फोनवर हात ठेवून तिला गप्प राहायची खूण केली.

या देशात सभा नव्हती, मोर्चा नव्हता, निवेदन घेऊन येणारं शिष्टमंडळ नव्हतं. पांढऱ्या कपड्यात बाहेर पडावं आणि चार माणसं मागे चालू लागावीत, असं काहीच नव्हतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. कॅस्मिरच्या पिळाने आपली जागा शोधून काढली. तिथे सुट्टी शुक्रवारी असे; त्या दिवशीच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एका झाडाखालच्या बाकावर तो बसू लागला. आधी वसईचे दोघंतिघं येत. मग हळूहळू मंगळूरचे, केरळचे, मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधले, हॉटेलात काम करणारे, ज्यांचा चर्चशी काही संबंध नाही असेही गेटबाहेर थांबू लागले. कुणाचा पासपोर्ट मालकाकडे अडकलेला, कुणाची रजा. कॅस्मिर मान हलवत ऐकून घेई, आणि मग बॅगेतून पॅड काढी.

हा पॅड त्याने हमदान स्ट्रीटवरच्या एका प्रेसमध्ये छापून घेतला होता. वर ठळक अक्षरांत नाव, त्याखाली ‘माजी आमदार, महाराष्ट्र’, आणि उजव्या कोपऱ्यात दोन फोन नंबर. एक घरचा, दुसरा ऑफिसचा.

“ऑफिसचा कशाला?” ओल्गाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“घरी दिवसा कुणी नसतं. लोकांनी करायचं काय?”

“लोकांनी? कुठले लोक, आमदार?”

फियोना तेव्हा चौदा वर्षांची होती. पॅड हातात घेऊन तिने एकदा वाचला आणि टेबलावर ठेवला. “पप्पा, यू आर नॉट अ पॉलिटिशियन हिअर. यू आर अ क्लार्क.”

कॅस्मिर हसला. पण त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही, कारण पोरगी खोटं बोलली नव्हती.

पत्रांचा इतिहास त्याला इतर कुणापेक्षा जास्त ठाऊक होता. आमदारकीच्या काळात त्याने रोज वीसएक पत्रं दिली. मजकूर ठरलेला: ‘सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचे असून त्यांचे काम सहानुभूतीपूर्वक विचारात घ्यावे.’ सदर इसमाला त्याने कधी बघितलेलं नसे. ते देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही माहीत. ऐंशीच्या प्रचारात एका म्हाताऱ्या बाईने त्याला अंगणात उभं करून घरातून त्याचंच पत्र आणून दिलं. “हे घे बाबा तुझं,” ती म्हणाली. “चार ऑफिसं फिरवलं. कुठे चाललं नाही.” तो त्या दिवशी चार सभांमध्ये बोलला, पण काय बोलला ते त्याला नंतर आठवेना. तरीही बाकावर बसल्यावर हात आपोआप पॅडकडे जाई. माणूस कागद घेऊन जाताना ज्या नजरेने बघतो ना, त्या नजरेची चटक असते. दारूपेक्षा वाईट.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरअखेर वलीचा अपघात झाला. वली दापोलीकडचा, सव्वीस वर्षांचा, मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्याची मिनीबस चालवायचा. कॅम्पमधून कामगारांना उचलायचं आणि कारखान्यावर सोडायचं. एका पहाटे धुकं इतकं दाट होतं, की समोरचा रस्ता दिसेना. रस्ता ओलांडणारा एक पठाण मजूर बसखाली सापडला आणि जागीच गेला. कोर्टाने वलीला दोषी धरलं. तिथला कायदा असा, की मेलेल्याच्या वारसांना दिया, म्हणजे जिवाची भरपाई, मिळेपर्यंत ड्रायव्हर तुरुंगात. ती विमा कंपनीने द्यायची असते. पण कंपनीने हात वर केले. चौदा सीटच्या गाडीत अठरा माणसं होती, म्हणून पॉलिसीची अट मोडली, म्हणून आम्ही बांधील नाही, असं तिचं म्हणणं. कारखान्याचा मालक मिठाची गुळणी धरून बसला. मधल्यामध्ये वली अडकला.

वलीची तक्रार नोव्हेंबरात कॅस्मिरच्या टेबलावर आली. त्याला फार वेळ लागला नाही. त्याने लिहिलं: जादा माणसं बसवली ती मालकाने. मेलेला माणूस गाडीत नव्हताच, तो रस्त्यावर होता. त्याने कुठलीच अट मोडलेली नाही. तेव्हा कंपनीने आधी त्याच्या वारसांना द्यावं आणि नंतर मालकाकडून वसूल करायचं ते करावं. कायद्याचं कलम, मागच्या तीन निर्णयांचे दाखले, सगळं बिनचूक. गुरुवारी दुपारी फाईल मुदीरच्या टेबलावर गेली. शनिवारी सही होणार होती. सही झाली, की आठवडाभरात वली बाहेर.

म्हणजे काम झालं होतं. फक्त दोन दिवस गप्प बसायचं होतं.

शुक्रवारी मिस्सेनंतर बाकासमोर दहाबारा माणसं होती. त्यांच्यातून काळा बुरखा घेतलेली, चेहरा उघडा असलेली एक पन्नाशीची बाई पुढे आली. वलीची आई मरियमबी. वीस वर्षं एका अरब घरात स्वयंपाक करत होती. कोकणी माणूस आमदार आहे आणि तो मराठीत ऐकून घेतो, एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती बोलू लागली आणि बोलता बोलता मटकन खालीच बसली.

“साहेब, पोरगा वाळून गेलाय. गुन्हा कबूल हाय म्हणतो, पण आता किती दिवस? कोण सांगंल? कोणाच्या पाया पडू?”

फाईल तिच्याच मुलाची आहे हे कॅस्मिरला दुसऱ्या वाक्याला कळलं. त्याने तिथेच उठायला हवं होतं. ‘बाई, मला या विषयावर बोलता येत नाही, घरी जा,’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण दहाबारा माणसं बघत होती. एवढा मोठा प्रश्न त्या बाकासमोर कधी आला नव्हता. आणि याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, वली सुटणार आहे, हे आतून उसळ्या मारत होतं. सुटणारच आहे, तर आपल्या पत्राने सुटला असं झालं तर कुणाचं काय बिघडलं? हा विचार त्याने नीट केलाही नसेल. हात पॅडवर गेला. विमा कंपनीच्या दावे विभागाच्या मॅनेजरला त्याने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. पहिली ओळ तीच, वीस वर्षांपूर्वीची: हे कुटुंब माझ्या चांगल्या परिचयाचे आहे.

मरियमबीने पत्र दोन्ही हातांनी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. कॅस्मिर त्या दिवशी घरी जाताना गाडीत गुणगुणत होता.

शनिवारी मुदीर दुबईला मीटिंगला गेले, म्हणून सही सोमवारवर गेली. रविवारी मरियमबीने पत्र कंपनीत नेऊन दिलं. सोमवारी सकाळी नऊ वाजता कंपनीच्या वकिलाचा हरकतीचा अर्ज आला, सोबत पत्राची झेरॉक्स. वकिलाने कोपऱ्यातला ऑफिसचा नंबर ओळखला होता. पहिल्या ओळीखाली लाल रेघ मारली होती.

मुदीरने कॅस्मिरला आत बोलावलं, बसायला सांगितलं आणि कागद त्याच्यासमोर सरकवला. गृहस्थ चाळिशीचे, शांत. हिंदी मोडकीतोडकी पण पुरेशी.

“मिस्टर कॅस्मिर, ये फॅमिली तुम्हारे पहचान का है?”

“नाही, सर. नो. नेव्हर मेट देम.”

“इधर तो लिखा है, बहुत अच्छा पहचान है.”

“सर, वो तो... ऐसाच लिखते हैं. फॉर्म्युला है. इंडिया में सब लिखते हैं.”

मुदीरने झेरॉक्स परत स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, “तुम्हारे मुल्क में सिफारिश होता है. हमारे पास भी होता है, हम वास्ता बोलता है. जिसका वास्ता नहीं, वो गरीब आदमी किधर जाएगा? इसी वास्ते ये दफ्तर बनाया.”

कॅस्मिरचे कान तापले. शाळेनंतर त्याला कुणी असं उभं केलं नव्हतं, आणि इथे तर तो खुर्चीत बसलेला होता.

मुदीरने नियम सांगितला. परीक्षकाची आणि पक्षकाराची ओळख असेल, तर अहवाल रद्द. फाईल समितीकडे जाणार, समिती बसणार फेब्रुवारीत. तोवर ड्रायव्हर आत. यातून वाट दोनच. एक, पत्र कॅस्मिरचं नसेल, तर त्याने तसं लिहून द्यावं. दोन, पत्र त्याचं असेल आणि त्यातली ओळख खोटी असेल, तर तसं लिहून द्यावं. मग अहवाल वाचतो, मुदीर स्वतः फाईल तपासून सही करू शकतात. “मगर झूठ लिखनेवाला आदमी इस कुर्सी पे नहीं बैठ सकता,” ते म्हणाले. “सोचो. जल्दी नहीं.”

जल्दी नहीं! तुरुंगात एक पोरगा बसला होता, आणि घाई नव्हती ती फक्त या खोलीत.

ऑफिसात भाषांतराचं काम करणारा संजय पुण्याचा होता, चुणचुणीत. त्याने दुपारी कॅस्मिरला जिन्यात गाठलं. “साहेब, यात एवढं टेन्शन काय घेताय? पॅड चोरीला गेला म्हणा. कुणीतरी मिसयूज केला. सही काय, कुणीपण करतं. एक स्टेटमेंट, खलास. नोकरी पण सेफ, तो ड्रायव्हर पण सुटेल.”

“आणि त्या बाईचं?”

“कुठल्या बाईचं?”

“पत्र तिने नेऊन दिलंय. माझं नाही म्हटलं तर ते खोटं कुणी केलं?”

“तिला काय होणार? वॉर्निंग देतील,” संजय म्हणाला, पण कॅस्मिरकडे न बघता. बनावट सरकारी शिफारस म्हणजे पोलीस केस आणि मग देशाबाहेर, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतरचे बारा दिवस कॅस्मिर धड बसला नाही, धड उभा राहिला नाही. कॉर्निशवरच्या फेऱ्या दोनाच्या चार झाल्या. जेवताना मध्येच उठून तो पाणी आणायला जाई आणि रिकाम्या हाताने परत येई. मनात सारखी उजळणी चाले. फियोनाची बारावी मार्चमध्ये. ओल्गाचा व्हिसा हॉस्पिटलचा, फियोना तिच्या नावावर राहू शकत होती. कॅस्मिर मात्र कुणाच्याच कागदावर राहू शकत नव्हता. नोकरी गेली, की एका महिन्यात देश सोडायचा. सत्तावन्नाव्या वर्षी वसईला जाऊन काय करायचं? लोक विचारतील, परत का आलात? माजी आमदार होतोच, आता माजी कारकूनही.

एका दुपारी त्याने चोरीचं निवेदन खरोखरच लिहून काढलं. सुंदर इंग्रजी, एकही खाडाखोड नाही. ते खिशात घालून तो दोन दिवस हिंडला. मुदीरच्या दारापर्यंत दोनदा गेला. एकदा तर टकटकसुद्धा केली, आणि आतून ‘तफद्दल’, म्हणजे ‘या’, असं ऐकू आल्यावर दुसऱ्याच एका फाईलचं काहीतरी विचारून बाहेर आला. आपण भित्रे आहोत हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळलं. सभागृहात ओरडायला धैर्य लागत नाही, तिथे सगळेच ओरडतात.

ओल्गाला त्याने सगळं सांगितलं ते अकराव्या दिवशी. ती ड्यूटीवरून आली होती, पाय टबात सोडून बसली होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मला वाटलं होतं बाई आहे की काय कुठली,” ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “बाई असती तर परवडलं असतं! त्या पोराला आत ठेवून तुम्ही अकरा-अकरा दिवस विचार काय करताय?”

“तुमचं दोघींचं काय?”

“आमचं मी बघीन. आत्तापर्यंत कोण बघत होतं?”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. कॅस्मिर मिस्सेला गेला, पण बाकावर बसायचं नाही असं ठरवून. मान खाली घालून तो गेटमधून बाहेर पडत होता, तर मरियमबी समोर. दोन तास उन्हात उभी होती. चेहरा मात्र उजळलेला.

“साहेब, तुमच्या पत्राची झेरॉक्स काढली मी. वलीला नेऊन दिली. खिशातच ठेवतो. बोलला, आम्मी, आमदार आपल्याला ओळखतात असं लिहिलंय, आता मला कायची फिकीर नाय.”

कॅस्मिरने काहीतरी पुटपुटून गाडीचं दार उघडलं. गाडी सुरू केली आणि बंद केली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो बसून राहिला. ज्या ओळीने पोरगा आत अडकला होता तीच ओळ तो आत खिशात घेऊन बसला होता, आणि त्यालाच धीर समजत होता. कॅस्मिरला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. खिशातलं चोरीचं निवेदन काढून त्याने तिथेच फाडलं.

शनिवारी त्याने दुसरं निवेदन दिलं. ते चार ओळींचंच होतं. पत्र माझं आहे. हे कुटुंब मला परिचित नाही. परिचित आहे असे मी सवयीने खोटे लिहिले. मी राजीनामा देत आहे. मुदीरने ते दोनदा वाचलं, उभे राहिले आणि हात पुढे केला. “कॅस्मिर, तुम्हारा रिपोर्ट अच्छा था,” ते म्हणाले. एवढंच. त्याला वाटलं होतं आपण रडू, पण तो रडला नाही.

मुदीरने फाईल स्वतः तपासली. वकिलाने आणखी एक अर्ज टाकून बघितला, त्यात काही दिवस गेले. मग हुकूम निघाला. संजयने जाता जाता कॅस्मिरला त्याची प्रत दाखवली. त्याचीच तीन पानं, शब्द न् शब्द, कलमं त्याच क्रमाने. नाव अर्थातच नव्हतं. कंपनीने दिया भरली आणि वली सुटला. त्या पहिल्या सोमवारीच सही झाली असती, तर सुटला असता त्यापेक्षा बावीस दिवस उशिरा.

डिसेंबरात कॅस्मिरच्या जाण्याला चार दिवस उरले असताना दारावरची बेल वाजली. घरात उघड्या बॅगा पडलेल्या. दारात मरियमबी, हातात सांदणांचा डबा, आणि मागे एक हडकलेला उंच तरुण. वलीला कॅस्मिर पहिल्यांदाच बघत होता.

“पाया पड साहेबांच्या,” मरियमबी म्हणाली. “ह्यांच्या पत्राने सुटलास.” वली वाकला. कॅस्मिरने त्याला खांद्याला धरून वरच्या वर थांबवलं. मरियमबी बोलतच होती. मुसफ्फाच्या कॅम्पात सगळ्यांना तिने सांगितलं होतं. आत्ताही दोघंजण खाली उभे होते, त्यांनाही पत्र हवं होतं, साहेब जायच्या आत.

गप्प राहिला असता तर ती आयुष्यभर दुवा देत राहिली असती. दापोलीत त्याचं नाव निघालं असतं. कॅस्मिरने ओल्गाकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“पत्राने नाही सुटला,” कॅस्मिर म्हणाला. “पत्रामुळे अडकला. ते दिलं नसतं तर बावीस दिवस आधी सुटला असता.”

मग त्याने सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. सांगून झाल्यावर वली बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

“मग दिलंत कशाला?” त्याने विचारलं. रागाने नव्हे. त्याला खरंच कळत नव्हतं.

कॅस्मिरला या प्रश्नाची दहा उत्तरं देता आली असती. “लोकांनी माझ्याकडे यावं म्हणून,” तो म्हणाला.

मरियमबी डबा छातीशी धरून उभी होती. “मग त्याला सोडवलं कोणी? खरं काम केलं कोणी?”

“तेही मीच केलं होतं,” कॅस्मिर म्हणाला. “तुम्ही यायच्या आधीच.”

मग डबा टेबलावर ठेवून तिने बुरखा सारखा केला.

“मग गप बसायचं होतंत की, साहेब,” ती म्हणाली, आणि मुलाचा हात धरून निघाली.

त्यांच्या मागोमाग कॅस्मिर स्लिपर घालून खाली उतरला. दोघं माणसं भिंतीला टेकून उभी होती, हातात प्लास्टिकच्या पिशव्यांत कागद. त्याला बघताच ती सरळ झाली. त्याने दोघांचे कागद तिथेच उन्हात वाचले, कुठल्या काउंटरला जायचं आणि कुठला कागद वर लावायचा ते सांगितलं. मोठा होता तो म्हणाला, “साब, उधर किसका नाम बोलूँ?”

“नाम मत बोलो,” कॅस्मिर म्हणाला. “फाईल का नंबर बोलो.”